चबुतऱ्यावरचे दाणे आणि शेतातली पाखरे

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही जन्मभर तराजू आणि रोजकीर्द यांपलीकडे फारसे काही हाताळले नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे विद्वत्तेचा आव आणण्याचे कारण नाही. तथापि एक विषय गेली काही वर्षे मनात घोळत आहे, आणि यंदा तो मांडण्यास निमित्तही घडले आहे. जीवदया निधीतून बाजाराच्या आवारात पाखरांसाठी नवा संगमरवरी चबुतरा बांधावा, अशी सूचना संघापुढे आली आहे. सूचना करणाऱ्या बंधूंच्या हेतूविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण ती मान्य करण्यापूर्वी सभासदांनी थोडा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही बेळगावच्या रविवार पेठेत धान्याचा घाऊक व्यापार करतो. सकाळी दुकान उघडल्यावर पहिली ओंजळ पाखरांना, ही आमच्या घरची तीन पिढ्यांची रीत आहे. तीर्थरूप हयात असताना ती ओंजळ टाकली की चिमण्या, साळुंक्या, होले आणि पारवे असा मेळा जमत असे. आज तीच ओंजळ टाकली तर येतात ते बहुतेक पारवेच. पोत्यांच्या थप्पीवर बसून कलकलाट करणारी चिमणी आमच्या नातवंडांना बोट दाखवून ओळखून द्यावी लागते. हा आमचा एकट्याचा भास असेल असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते. पण २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. देशभरातील सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदींवर तो आधारलेला असून त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. ज्या ३३८ जातींची दीर्घ काळची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी सुमारे ६० टक्के जाती घटल्या असल्याचे त्यात म्हटले आहे. माळराने व उघडी राने यांवर राहणारे आणि किड्यांवर उपजीविका करणारे पक्षी विशेष संकटात आहेत. ज्या थोड्या जातींची भरभराट चालू आहे, त्यांत मात्र गावातला पारवा आहे.

सांगावयाचे ते एवढेच, की ज्याला आपण खाऊ घालतो त्याला आपल्या दाण्यावाचून काही अडलेले नाही. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्यात पडण्याची आमची इच्छा नाही. रोगाचा प्रश्न वैद्यांनी आणि न्यायाचा न्यायालयांनी पाहावा. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या शेतांतून आपले धान्य येते, त्या शेतांतल्या पाखरांचे काय झाले, आणि त्याला आपला व्यापार किती कारण आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

ज्वारीच्या शेतातला पाहुणा

मोठे उदाहरण घ्यावयाचे तर सोलापूरचे घ्यावे, कारण तिकडची मालदांडी आपल्या सगळ्यांच्या दुकानांतून गेलेली आहे. सोलापूर, मंगळवेढा, मोहोळ, विजापूर या टापूतील काळी जमीन रब्बी ज्वारीची. पावसाळा संपताना पेरावयाची आणि थंडीतल्या ओलीवर काढावयाची. कडेने काटेरी करडईचे पट्टे, म्हणजे गुरे आत शिरत नाहीत. मध्ये मध्ये हलक्या जमिनीचे माळ आणि त्यांवर गवत. या गवतात आणि या ज्वारीत माळढोक नावाचा भला मोठा पक्षी राहत असे. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे आणि पडलेले धान्य हा त्याचा आहार. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. म्हणजे ज्या माळावर नांगर फिरला, आग लागली किंवा कुत्री मोकाट झाली, तिथे त्याचा वंश खुंटलाच.

आज साऱ्या भारतात माळढोक उणेपुरे दीडशे उरले आहेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूस. आपल्या कर्नाटकात बळ्ळारीकडे शिरगुप्पा तालुक्यात मोजके आहेत. राणेबेन्नूरच्या अभयारण्यातून तो नाहीसा झाला. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याचे दर्शन आता अतिदुर्मीळ. विजेच्या तारांना धडकून हे जड पक्षी मरतात, हे खरे आहे. पण तारांच्या आधीपासूनच त्यांच्या पायाखालची जमीन जात होती. जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस आला, द्राक्ष आले. भारतात १९६०च्या दशकात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. आता ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे.

शेतकऱ्याने ऊस का लावला, हे आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको. उसाचा दर कायद्याने ठरलेला आणि घेणारा कारखाना ठरलेला. ज्वारीलाही आधारभूत भाव जाहीर होतो. परंतु त्या भावाने उचलणारा हात प्रत्येक हंगामी असेलच असे नाही. बैल गेले, तसा कडब्याचा उठावही कमी झाला. आणि बाजारात ज्वारी आली की दाणा बारीक, रंग मळका असे म्हणत भाव पाडणारे आपणच. सरकारच्या धोरणाने माळढोकाचे शेत गेले असे आपण म्हणू, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण त्या धोरणाच्या जोडीला आपला लिलावही उभा होता.

या पक्ष्याच्या रक्षणासाठी सरकारने काही केले नाही, असे मुळीच नाही. १९७९ साली सोलापूर व त्या वेळचा अहमदनगर या जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होता. एवढ्या रेषेत गावे आली, पेठा आल्या, हजारो शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहाराला निर्बंध, विकासकामांना अडथळे, अशा तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. शेवटी ते आकुंचित करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. पण दरम्यान व्हावयाचे ते होऊन गेले. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त वावरला, त्याच शेतकऱ्याला तो आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा वाटू लागला.

दुसरी चूक राणेबेन्नूरची. तेथील मोकळा माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून त्यावर निलगिरी लावली गेली. झाडे लावणे हे पुण्यकृत्य, अशी आपलीही समजूत आहे. आपल्या संघानेही गायरानावर वृक्षारोपण केलेले आहे आणि त्याची छायाचित्रे याच स्मरणिकेत छापलेली आहेत. परंतु चंडोल, लावा, तित्तिर, माळटिटवी यांना झाड नको, गवत हवे. त्यांच्या घरात झाड लावणे म्हणजे माशाच्या सोयीसाठी तळ्यात माती भरण्यासारखे आहे.

पाखरू खाते किती आणि देते किती

आमचे एक शेतकरी मित्र नेहमी म्हणतात, "शेठ, तुम्ही दुकानात बसून पाखरांची कड घेता. माचावर उभे राहून गोफण फिरवा, म्हणजे कळेल." त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्वारी हुरड्यात आली की राघूंचे आणि चिमण्यांचे थवे उतरतात, आणि एकट्यादुकट्याचे शेत असले तर कणसे रिकामी करतात. पूर्वी सारा शिवारच ज्वारीचा असे, त्यामुळे नुकसान वाटले जाई. आता दहा उसांच्या फडांत एक ज्वारीचे शेत. सगळा थवा त्यावरच पडणार. म्हणजे पाखरांचा उपद्रव वाढलासा वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा पाखरे वाढली हे नसून ज्वारी घटली हे असते.

आणि नुकसानीच्या रकान्यासमोर जमेचा रकानाही लिहिला पाहिजे. तो व्यापाऱ्याचा धर्मच आहे. चिमणी आणि सुगरण स्वतः दाणे खात असल्या तरी पिलांना अळ्या आणि किडेच भरवितात. हरभऱ्यावरची घाटेअळी कोतवाल आणि साळुंकी वेचून खातात. म्हणूनच कृषी खाते व विद्यापीठे हरभऱ्यात पक्षी बसण्यासाठी इंग्रजी 'टी' अक्षरासारखे काठ्यांचे थांबे उभारावयास सांगतात, आणि पेरताना हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळावयास सांगतात. ती ज्वारीची ताटे उंच वाढतात आणि पाखरांना आयती बैठक मिळते. गव्हाणी घुबड रात्री उंदीर टिपते. गोदामात उंदरांनी किती धान्य नासविले याचा हिशेब ज्याने एकदा केला आहे, तो व्यापारी घुबडाला अशुभ म्हणणार नाही. पण गोदामात आपण ब्रोमाडिओलोनसारखे विष ठेवितो. ते खाल्लेला उंदीर घुबडाच्या तोंडी लागला, तर घुबडही मरू शकते. आपल्या घरांत पूर्वी उंदीर पिंजऱ्यात धरून लांब सोडीत. आम्ही पुन्हा पिंजऱ्यांवर आलो आहोत. कटकट आहे, परंतु चालते.

जमेचा रकाना न पाहता निर्णय केला की काय होते, याचा धडा चीनने घेतला. १९५८ साली तिथे चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना नष्ट करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. थाळ्या व ढोल वाजवून त्या दमून पडेपर्यंत उडत ठेवल्या, घरटी मोडली. पुढे किडींना रान मोकळे झाले. १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले, आणि तिच्या जागी ढेकणाचे घातले गेले. त्या काळात चीनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याची कारणे अनेक होती. चिमण्यांचा संहार त्यांपैकी एक गणला जातो.

आमच्या दुकानातली बाटली

आता जे लिहितो ते लिहिताना संकोच वाटतो. परंतु दुसऱ्यांना उपदेश करावयाचा आणि स्वतःची वही झाकून ठेवावयाची, हे बरे नव्हे.

१९८८ साली आम्ही धान्याच्या दुकानाला लागूनच खते व औषधे यांचे दुकान काढले. त्या काळी तो धंदा जोमाचा होता. एका सुगीत, पेरणीच्या दिवसांत, आमचा एक नेहमीचा गिऱ्हाईक शेतकरी आला. पेरलेले दाणे पाखरे उकरून खातात म्हणून त्याने आमच्याकडून नेलेल्या मोनोक्रोटोफॉसमध्ये मूठभर धान्य भिजवून बांधावर टाकले होते. सकाळी पाहतो तो दोन लांडोरी, पाच-सहा तित्तिर आणि होले किती ते त्याने मोजले नव्हते. आम्हांला वाटले, हा तक्रार घेऊन आला. तो म्हणाला, "औषध गुणकारी आहे, आणखी एक बाटली द्या." तीर्थरूप गादीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवणही त्यांनी घेतले नाही. आम्ही बाटली दिली. ते दुकान आम्ही आणखी पाच वर्षे चालविले, कारण नफा होता. १९९३ साली बंद केले. पेढीच्या वहीत त्या पाच वर्षांचा नफा अजून लिहिलेला आहे.

पुढे कळले की हेच मोनोक्रोटोफॉस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही तेच काम करीत होते. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात येणारे स्वेन्सन जातीचे बाज शेतांतले टोळ खातात. १९९५-९६च्या हंगामात टोळांवर मारलेल्या या औषधाने सुमारे २०,००० बाज मेले असावेत, असा अंदाज आहे. तिथे शासनाने निर्बंध घातले, उत्पादकाने औषध त्या भागातून मागे घेतले, शेतकऱ्यांना समजावून सांगितले, आणि लगेच पुढच्या हंगामांत ही मर जवळजवळ थांबली. आपल्याकडे भाजीपाल्यावर त्याचा वापर २००५ साली बंद झाला. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनातून याच विषाने २३ मुले दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३ साली, केंद्र सरकारने त्याच्या सर्वाधिक खपाच्या द्रव रूपावर बंदी घातली. जे पाखरांना मारते ते आपल्या लेकरांच्या ताटापासून फार दूर नसते, हा त्यातला बोध आहे.

गिधाडांची गोष्ट तर आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी. आजारी गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास दिले जाऊ लागले. असे औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरे. १९९०च्या दशकापासून पंधरा वर्षांच्या आत पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. २००४ साली कारण उलगडले आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याचे उत्पादन बंद केले. तशाच घातक ठरलेल्या ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवर २०२३ साली बंदी आली. गुरांना औषध देणाऱ्यांत दया करणारेही होते, पांजरपोळ चालविणारेही होते. दयेलाही डोळे लागतात, ते असे.

शास्त्राने आधीच सांगितलेले

आम्ही पंडित नाही. चूक असेल तर मुनिमहाराजांनी व विद्वानांनी सुधारावी. पण श्रावकाने जे धंदे टाळावेत अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांतील तीन नावे या विषयाच्या संदर्भात वाचली आणि आम्ही चकित झालो. पहिले विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार. दुसरे दवदान, म्हणजे रान, गवत यांना आग लावणे. तिसरे सरःशोष, म्हणजे तळी-सरोवरे आटविणे. आज शेतातल्या पाखरांच्या नाशाची कारणे एखाद्या शास्त्रज्ञाला विचारा. तो म्हणेल, जहाल औषधे; बांध आणि उसाचे पाचट पेटविणे; पाणथळी बुजविणे. शब्द निराळे, यादी तीच. त्याखेरीज अनर्थदंडांत हिंसादान आहे, म्हणजे विष, शस्त्र यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. आणि अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध आहे, म्हणजे जिवाचे अन्नपाणी तोडणे. एक ओंजळ चबुतऱ्यावर टाकावयाची आणि शंभर एकरांतले त्यांचे अन्न आपल्या व्यापाराने तुटले तरी तिकडे पाहावयाचे नाही, हा हिशेब जुळत नाही.

शेतीत हिंसा होतेच, ती आरंभी-उद्योगी हिंसा आहे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. आमच्या दक्षिण भागात कितीतरी जैन कुटुंबे स्वतः नांगर धरणारी आहेत, आणि त्यांना कोणी कमी लेखू नये. पण ही हिंसा अटळ आहे म्हणून सांगणाऱ्या शास्त्रानेच यत्नाचारही सांगितला आहे. जे टाळता येते ते टाळावे, जे कमी करता येते ते कमी करावे. बांध फेब्रुवारी ते जूनमध्ये न पेटविणे, हे टाळता येण्याजोगे आहे. त्या काळात लावा-तित्तिर अंडी घालतात. पाचट सरीत कुजविता येते, त्याने जमीनही सुधारते. विहिरीकाठचे बाभळीचे झाड राखता येते, त्यावर सुगरण घरटे बांधते. यांतल्या एकालाही पोतेभर उत्पन्न बुडवावे लागत नाही.

भार कोणी उचलावा

तरीही काही गोष्टींना पैसे पडतात, आणि ते पैसे शेतकऱ्यानेच सोसावेत असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सोलापूरच्या अभयारण्याचा धडा हाच आहे. याच्या उलट इंग्लंडात गव्हाच्या शेतात हेक्टरी दोन लहान चौक पेरणीवाचून मोकळे सोडतात. चंडोलाला तिथे उतरता येते, पिलांसाठी किडे वेचता येतात. शेताच्या कडेने गवताचा व रानफुलांचा पट्टा राखतात. याबद्दल सरकार शेतकऱ्याला मोबदला देते. शहाणपण त्यांना उशिरा आले, हेही सांगितले पाहिजे. १९८० ते २०१६ या काळात युरोपातले शेतातले पक्षी निम्म्याहून अधिक घटले, आणि खते व कीटकनाशके यांचा वाढता मारा हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दाखविले आहे. एका हाताने अधिक पिकविण्यासाठी पैसे द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने पाखरांसाठी, अशी ती ओढाताण आहे. आपण निदान ती पाहून शहाणे व्हावे.

आपल्या सरकारनेही पावले उचलली आहेत. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून भारताच्या पुढाकाराने पाळले गेले. २०२४च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी मिळाली. साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकरी, २,४८१ कोटी रुपयांची तरतूद, असा त्याचा संकल्प आहे. पण धोरण कागदावरून शेतात उतरावयाचे तर मधला पूल लागतो, आणि तो पूल म्हणजे आपण. विषाशिवाय पिकविलेली ज्वारी विषाने पिकविलेल्या ज्वारीच्याच ढिगात ओतली आणि एकाच भावाने गेली, तर पुढच्या वर्षी तो शेतकरी पुन्हा बाटली घेणार. त्याला दोष देता येणार नाही.

येथे एक जुनी आठवण द्यावीशी वाटते. पूर्वी आपल्या पेठांत शेतकऱ्याच्या पट्टीतून पोत्यामागे धर्मादाय कापून घेत आणि त्यावर पांजरपोळ, पाणपोया, कबुतरांचे दाणे चालत. पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी अशा कपाती बंद झाल्या, ते योग्यच झाले. कारण दान आपल्या नावाचे आणि पैसा शेतकऱ्याचा, असा तो प्रकार होता. आपल्या जीवदया निधीचा पाया त्या पैशाचा आहे. मग तो निधी शेताकडे परत जाणे, हे दान नसून देणे फेडणे आहे, असे आम्हांला वाटते.

तेव्हा संघापुढे आमच्या नम्र सूचना अशा. पहिली, नव्या चबुतऱ्याची रक्कम तूर्त बाजूला ठेवून तिच्या व्याजातून दरवर्षी काही ज्वारी व हरभरा उत्पादकांना बाजारभावावर क्विंटलमागे थोडी अधिक रक्कम द्यावी. अट एवढीच, की बांध पेटवावयाचा नाही, बांधावरची झाडे राखावयाची आणि जहाल विष वापरावयाचे नाही. अशा धान्याची पोती निराळी शिवून निराळ्या नावाने विकावीत. आम्ही गेल्या तीन हंगामांत सात शेतकऱ्यांबरोबर हा प्रयोग केला. पहिल्या वर्षी पदरचे गेले. दुसऱ्या वर्षी बरोबरीत आलो. यंदा गिऱ्हाईक आपणहून विचारीत आले. दुसरी, ज्या सभासदांची औषधांची दुकाने आहेत त्यांनी डब्यावर लाल खूण असलेली, म्हणजे सर्वांत जहाल वर्गातली औषधे ठेवू नयेत. पिवळी खूणही शक्य तो टाळावी. हे सांगण्याचा आमचा अधिकार आम्ही पाच वर्षे गमाविला होता, याची जाणीव ठेवूनच सांगतो. तिसरी, औषध चोळलेले रंगीत बियाणे उरले तर ते कोणत्याही सबबीवर धान्यात मिसळू नये, उकिरड्यावर किंवा पाखरांपुढे टाकू नये. चौथी, गायरानावर वृक्षारोपण करण्यापूर्वी जाणकारांना विचारावे. माळ असेल तर माळच राहू द्यावा, आणि गवत वाचविण्यासाठी ग्रामपंचायतीला साहाय्य करावे. पाचवी, आपल्या पांजरपोळांत गुरांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाची वहीत नोंद असावी आणि गिधाडांना घातक ठरलेली औषधे तिथे येऊ नयेत.

यांत अशक्य असे काही नाही. सरकारकडे मागावयाचे तेही थोडकेच आहे: ज्वारी, बाजरी, करडई, हरभरा यांना जाहीर केलेला भाव प्रत्यक्ष मिळावा, आणि बांध व माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. हे निवेदन संघाने करावे. पण निवेदन घेऊन जाताना आपण आपल्या पेढीवर काय केले, हे सांगण्याजोगे आपल्यापाशी असले पाहिजे.

चबुतरा बांधला तर त्यावर दात्यांची नावे कोरली जातील. शेताच्या बांधावर नाव कोरता येत नाही, ही आमच्या सूचनेतली उणीव आम्ही मान्य करतो. सकाळची ओंजळ आम्ही बंद केलेली नाही आणि कोणी करावी असेही म्हणत नाही. ज्या दिवशी ती टाकल्यावर पारव्यांच्या गर्दीत दोन चिमण्या आणि एखादा होला पुन्हा उतरेल, त्या दिवशी शेतात काहीतरी नीट होत आहे असे आम्ही समजू. वार्षिक सभेत या सूचनांवर बंधुभगिनींनी मोकळेपणाने बोलावे, आमच्या चुका दाखवाव्यात आणि पटेल तेवढे स्वीकारावे, ही विनंती.

जय जिनेंद्र.